कावळ्याला दिलेला शब्द

मंडळी, या कम्युनिटीत मी फक्त वाचतो. आज लिहितोय.

माझा धाकटा भाऊ निलेश गेल्या महिन्यात गेला. ठाण्याच्या एका कंपनीत तो मोबाईलचे गेम बनवायचा. आमच्या भिवंडीच्या पावरलूमवर त्याने स्वतःचा एक गेम केला होता. मागावरचा धागा तुटला की दुसरा तुटायच्या आत गाठ मारायची. थोडंच काम राहिलं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळू म्हटलं, तुझी बाईक विकणार नाही म्हटलं, तरी नाही. शेवटी त्याचे कंपनीतले सर पुढे झाले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "निलेश, तुझा गेम मी बाजारात आणतो." लगेच कावळा शिवला. आई तिथेच रडली.

आज त्या गेमची सीडी घेऊन मी कंपनीत गेलो. सरांनी ती हातातही घेतली नाही.

"दादा, आता क्रिकेटचे आणि पिक्चरचे गेम चालतात. लूमचा गेम भिवंडीतसुद्धा कोणी घेणार नाही."

"पण सर, तुम्ही शब्द दिला होता."

"अहो, तो कावळ्यासाठी! सगळे उपाशी खोळंबले होते, म्हणून बोललो."

बाजूच्या टेबलांवरची पोरं हसली. त्यांत निलेशला खांदा दिलेला त्याचा मित्रही होता.

घरी आलो तर आई दारातच उभी. "काय बोल्ला सायेब?"

"काम चालू हाय," मी म्हणालो.

संध्याकाळपासून ती आळीत सगळ्यांना सांगत फिरतेय. तुम्ही तिला खरं सांगितलं असतं का?