पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा

नववीत असताना माझ्या हातून शाळेतलं एकुलतं एक मोजपात्र फुटलं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि एक कुलूपबंद कपाट. चंचुपात्र, शंकुपात्र, परीक्षानळी हे सगळं आठवीपर्यंत आम्ही पुस्तकातल्या चित्रांतच पाहिलेलं. नववीला विज्ञानाच्या नव्या बाई आल्या. त्या ठाण्याहून यायच्या आणि वाटेत कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकल्या की पहिल्या तासाला पोचायच्या नाहीत. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिपाईकाकांकडून कपाटाची किल्ली घेतली. आम्ही मुलींनी नळाखाली बसून सगळी काच घासली. मग एकेक वस्तू बाकांवरून फिरली. बाईंची अट एकच होती, नाव घेतल्याशिवाय पुढे द्यायचं नाही. ‘चंचुपात्र’ म्हणताना आमची हसून हसून पुरेवाट झाली.

त्या दिवशीचा प्रयोग सोपा होता. पोटॅशियम परमँगनेटचा बारीकसा खडा पाण्यात टाकायचा. पाणी गडद जांभळं झालं की त्यातलं थोडंसंच मोजून घ्यायचं, त्यात नवं पाणी घालायचं आणि पुन्हा तेच. मोजायचं काम माझ्याकडे होतं. पाचव्या खेपेला ओला हात घसरला.

बाई धावत आल्या. “लागलं नाही ना कुठे?” एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी बाबांना सांगताना मला रडू फुटलं. बाबा डाईंगमध्ये कामाला होते, सूत रंगवायचे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उद्या येतो मी शाळेत.”

मला दुसरीच भीती वाटायला लागली. त्या आठवड्यात कारखान्यात हिरव्या रंगाची ऑर्डर चालू होती आणि बाबांचे हात कोपरापर्यंत हिरवे होते. मी म्हटलं, “नको, मीच सांगते बाईंना.” पण ते आलेच. कारखान्यातलं एक जुनं प्लॅस्टिकचं मोजपात्र शेठकडून मागून आणलं होतं. चपला बाहेर काढून ते दारातच उभे राहिले. मी मान खाली घातली. आज मी स्वतः रसायनशास्त्र शिकवते, तरी ती खाली घातलेली मान अजून सलते.

बाईंनी मोजपात्र घेतलं आणि बाबांच्या हातांकडे बघत विचारलं, “तुम्ही रंगाचं काम करता?”

“हो बाई. शिकलेलो काय न्हाय मी.”

“मग तुम्हीच सांगा मुलींना. एवढ्याशा रंगाने किती पाणी रंगतं?”

बाबा आत यायला तयार नव्हते. बाईंनी खुर्ची दिली, तीवर बसले नाहीत. उभ्याउभ्याच बोलायला लागले. “चिमूटभर कलर आख्ख्या हौदाला पुरतो. सूत धुतलं, परत धुतलं, परत धुतलं, तरी पाण्याला कलर येतोच.”

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “काका, शेवटी रंग संपतो ना पण?”

बाबांनी थोडा विचार केला. “संपत न्हाय पोरी. दिसायचा बंद होतो.”

बाई फळ्याकडे वळता वळता थांबल्या. म्हणाल्या, “हेच लिहून घ्या. कण इतके लहान असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात.” आणि सगळ्या वर्गाने बाबांचं वाक्य वहीत उतरवलं. मी वर पाहिलं, तर बाबांचे कान लाल झाले होते.

त्यानंतर संध्याकाळी शिफ्टवरून आले की विचारायचे, “आज काय शिकवला?” मी अणू सांगायची, रेणू सांगायची. पाण्यात दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन म्हटल्यावर त्यांनी तांब्यात वाकून पाहिलं होतं. एकदा म्हणाले, “आम्ही ते हायड्रो वापरतो, त्याचं खरं नाव काय गं?” मी बाईंना विचारून आले. सोडियम हायड्रोसल्फाइट. बाबांनी ते चार दिवस घोकलं. पाचव्या दिवशी कारखान्यात जाऊन सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. तिथले उत्तर प्रदेशातले कारागीर त्यांना त्या दिवसापासून ‘मास्टरजी’ म्हणायला लागले. आधी चेष्टेने, मग सवयीने.

दहावीला विज्ञानात मला जेमतेम मार्क मिळाले. घरात सगळे म्हणाले, मुलीला सायन्स कशाला. बाबांनी कोणाशी वाद घातला नाही. पुढे बारावीनंतर बी.एस्सी.चा फॉर्म भरायला मात्र रजा टाकून माझ्याबरोबर कॉलेजात आले. खिडकीतल्या क्लार्कने वर न बघता विचारलं, “विषय कुठला?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “रसायनशास्त्र.” आणि क्लार्क ते नीट लिहितोय ना, हे टाचा उंचावून बघत राहिले.