देवांच्या विडीचा निषेध

दुसऱ्यांच्या संतापाला शब्द पुरवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठत जातात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून लालबागच्या आमच्या मंडळाची निवेदने मी लिहितो. त्यामुळे या भागात कोणाच्याही भावना दुखावल्या, की पहिली घंटा माझ्या दारावर वाजते!

*

परवाच्या चित्रपटाचेच घ्या. ट्रेलरमध्ये दशावतारी नाटकातला विष्णू मुकुटासकट विडी ओढताना दिसतो. झाले! मंडळाचे अध्यक्ष बबनराव सावंत घामाघूम होऊन आले.

“सर, एकदम कडक निषेध लिहा!”

“अहो, चित्रपट शुक्रवारी लागू तरी द्या. पाहून ठरवा.”

“बघून निषेध कोण करतो, सर? तिकीट काढलं तर पैसे त्यांनाच जातात ना!”

*

पडद्यावरचे विष्णू म्हणजे आमच्याच चाळीतले तात्या परब. वय चौऱ्याहत्तर, आणि हा पहिलाच चित्रपट. मंडळाच्या वार्षिक नाटकात चाळीस वर्षे तेच विष्णू. एकदा मुकुट चढला की त्यांना कोणी नावाने हाक मारीत नाही. अध्यक्षसुद्धा ‘देवा’ म्हणतात. दोन्ही हात शंख-चक्रांत अडकलेले, म्हणून विंगेत त्यांचा घाम टिपणे, पाणी पाजणे आणि बाकी जे लागेल ते पाहणे, हे काम वीस वर्षे बबनरावांकडेच.

“तात्यांना एक शब्द लागता कामा नये,” बबनरावांनी बजावले. “विडी ओढणाऱ्याला मात्र सोडू नका.”

“अहो, विडी ओढणारे तात्याच आहेत!”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुमची भाषा चांगली आहे.”

*

फलकांसाठी काठ्या हव्या होत्या. त्या निघाल्या शेजारच्या पीटरच्या माळ्यावर. गेल्या वर्षी त्याच्या चर्चच्या मंडळींनी दुसऱ्याच एका चित्रपटाविरुद्ध मोर्चा काढला होता, त्यातून उरलेल्या. पीटरने त्या आनंदाने काढून दिल्या.

“सांभाळून वापर हां, बबन. आमचा पण नंबर लागतो परत!”

*

गुरुवारी सकाळी तात्या माझ्याकडे आले. 

“थिएटरवाले म्हणतत, राडो झालो तर शो लावचे नाय,” ते म्हणाले. “मगे मी माका खय बघतलंय, सर? सुनेन मोबाईलवर दाखवल्यान. पण तेच्यात माझो मुकुटय मावणा नाय.”

तात्यांना स्वतःला पडद्यावर पाहता येणार नाही, हे मी तडक जाऊन बबनरावांना सांगितले. त्यांचाही चेहरा पडला.

“मला काय वाईट वाटत नाही, सर? पण निवेदन गेलंय. चॅनेलवाले येणारेत.”

“मग आपले शब्द मागे घ्या!”

“शब्द तुमचे होते, सर.”

इतकी वर्षे भाषा शिकवली. हे वाक्य मात्र मी वहीत उतरवून घेतले.

*

शुक्रवार, दुपारी तीनचा खेळ. परळच्या थिएटरच्या फाटकाला पीटरच्या काठ्या आडव्या लावलेल्या. समोर कॅमेरे. बबनराव घोषणा देत होते, “विडी ओढणाऱ्याचा…” आणि मंडळ ओरडत होते, “धिक्कार असो!”

तेवढ्यात टॅक्सी थांबली. मान वाकवून, मुकुट सांभाळत तात्या उतरले. पूर्ण वेष; एका हातात शंख, दुसऱ्यात चक्र.

घोषणा तिथेच विरली. कोणीतरी हात जोडले. बबनरावांनी तर चपला कधी काढल्या, ते त्यांनाही कळले नसावे.

तात्या संथ पावले टाकीत थेट त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. फक्त ओठ किंचित विलग केले.

बबनरावांचा हात खिशात गेला.

“वाऱ्याकडे पाठ करा, देवा,” ते हलकेच म्हणाले आणि काडी ओढली.

कॅमेरे चालूच होते. दोन झुरके झाले. बबनरावांनी विडी परत आपल्या बोटांत घेतली, फाटकावरच्या काठ्या स्वतः बाजूला केल्या आणि वाट देत म्हणाले,

“इंटरव्हलला दारातच उभा असतो, देवा.”