नाक उघडलं त्या वर्षी

महाराजांच्या राज्यात आमचे अब्बा कोल्हापुरात हाडं बसवायचे. बैलगाडीवरनं पडलेले, झाडावरनं घसरलेले आमच्या सोप्यात कण्हत बसायचे. मी त्यांची थोरली लेक, चौदा वर्षांची. माझे वरचे दात इतके पुढं आले होते, की ओठ मिटायचेच नाहीत.

एकदा मुंबईहून येऊन गावात दवाखाना काढलेला दातांचा डॉक्टर मनगट बसवून घ्यायला आला. मी पाणी दिलं, तर मनगट विसरून माझ्याच तोंडाकडं बघत राहिला.

"तारेनं हे दात मागं येतील. पण ही श्वास तोंडानं घेते. नाक बंदच राहिलं तर माझी मेहनत फुकट."

मग अब्बांनी मला इस्पितळात नेलं. तो डॉक्टरही आला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घशात बारका आरसा घालून पाहिलं. नाकामागं मांस वाढलं होतं. आधी ते काढायचं की आधी दातांना तार लावायची, यावर दोघांची जुंपली, तीही माझ्या उघड्या तोंडावर वाकून!

"मान मी धरतो," अब्बा म्हणाले, "पण भांडताय कशाला? आधी पोरीला श्वास तर घेऊ द्या की!"

मला असं हसू फुटलं, की बाईंचं बोट दातांत सापडलं. त्या ओरडल्या, अब्बा ओरडले, मी आणखीच हसले.

अखेर बाईंचं खरं ठरलं. गुंगी देऊन त्यांनी ते मांस काढलं. आठ-दहा दिवसांनी सूज उतरली आणि इस्पितळातनं परतताना एकदम वास आले! कातड्याचा, शेणाचा, कढईतल्या भज्यांचा. एका गाडीतल्या गुळाच्या ढेपेला तर मी नाकच लावलं.

"ओ पावणं, ह्या पोरीला आवरा!" गाडीवान ओरडला.

"वास घेऊ द्या हो," अब्बा म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा घेतीया."

पुढं सोनारानं बारीक तार ओढून दिली, दातांच्या डॉक्टरनं ती बसवली. दर महिन्याला तो तारेला पीळ द्यायचा आणि चार दिवस मी पेज प्यायचे. बाई नाक तपासायच्या, अब्बा जबड्याचा सांधा चाचपायचे. तिघं आता एकमेकांना निरोप धाडायचे, तेही माझ्याच हाती.

दीड वर्षानं तार निघाली. आरशापुढं ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग गोल करून फुंकर मारली, तर खणखणीत शिट्टी वाजली! "पोरीच्या जातीनं शिट्टी?" म्हणत अम्मी लाटणं घेऊन धावली. मी शिट्टी वाजवतच गल्लीत पळाले.