विंगेत उभं राहणारं लेकरू

वाशीम स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. खांद्याला एक पिशवी, आणि फोनमध्ये एका अमेरिकन म्हाताऱ्याचा दहा-बारा सेकंदांचा आवाज. त्या आवाजाचं घर शोधायला मी एवढ्या लांबून आले होते.

आधी त्या माणसाबद्दल सांगायला हवं. लोवेल ट्रँटर हे तिकडचे जुने नट, वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी कितीतरी वर्षं त्यांनी नाटकांत बटलर, पोस्टमन, शवपेटीला खांदा देणारा अशी कामं केली. मग टीव्हीवरच्या एका मालिकेत खेड्यातल्या डॉक्टरची भूमिका मिळाली. ती इतकी चालली, की आजही बायका त्यांना रस्त्यात थांबवून गुडघ्यावर औषध विचारतात. पत्नी गेल्यावर ते पुन्हा नाटकाकडे वळले. मी तिकडच्या एका नाट्यगृहात कपडेपट सांभाळते. गेल्या हंगामात ते आमच्याकडे आले आणि दुसऱ्या अंकाच्या आधी विंगेत त्यांना ओव्हरकोट चढवणं हे माझं काम झालं.

पहिल्याच प्रयोगाला मी कॉलर नीट करत होते. ते समोरच्या अंधाराकडे बघत पुटपुटले, "बाहीर राय. जेवन ठेवलं हाय ओट्यावर. आत नको येऊ."

माझी आई अकोल्याची. ही बोली मी तिच्या मांडीवर ऐकलेली. बाहेर राहा, जेवण ओट्यावर ठेवलंय, आत येऊ नकोस, असं ते त्या अंधाराला सांगत होते.

प्रयोग संपल्यावर मी त्यांना विचारलं. त्यांना शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. वडील मिशनचे डॉक्टर, कामरगावाजवळच्या दवाखान्यात. तिथेच यांचा जन्म, आणि आठव्या वर्षी बोटीने परत. सांभाळणाऱ्या आयाचं नाव गिरजा. ती रोज संध्याकाळी दारात उभी राहून बाहेर बघत हे म्हणायची.

"यापुढेही काहीतरी होतं," ट्रँटर म्हणाले, "पण तोवर मला झोप लागायची."

"आणि तुम्ही हे कधीपासून म्हणता?"

"पहिल्या नाटकापासून. विंगेत कुणीतरी उभं असतं. एवढं." त्यांनी कमरेच्या जरा वर हात धरला. "मी हे म्हटलं की ते जागचं हलत नाही. मग मी आत जाऊन माझं काम करतो."

हे त्यांनी, आज दाढी नीट झाली नाही असं सांगावं, तितक्या साधेपणाने सांगितलं. मग माझा हात धरून म्हणाले, "तू तुझ्या देशात जाशील तेव्हा विचार. ती कुणाला सांगत होती?"

वाशीमहून मंगरूळपीरची एसटी मिळाली. नोव्हेंबरचे दिवस. सोयाबीन निघून गेलेलं, काळी रानं उघडी पडलेली, मधूनच तुरीचे पिवळे पट्टे. मंगरूळपीरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि आम्ही सगळे पाऊण तास बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. एका बाईंनी मला हरभऱ्याच्या डाळीचे दोन वडे दिले आणि मी कोणाची कोण हे शेवटपर्यंत विचारून घेतलं. मला त्यांचं नाव विचारायचं सुचलंच नाही.

मंगरूळपीरच्या स्टँडसमोर एका हॉटेलात चहा घेतला. मालक सत्तरीचे, डोक्यावर विणलेली टोपी. रिकामा वेळ होता म्हणून मी त्यांना आवाज ऐकवला. त्यांनी कान फोनजवळ आणला, पूर्ण ऐकलं आणि गल्ल्यावरचा पंखा बंद करून म्हणाले, "अजून एक बार लावा."

मी लावला.

"कोन हाय हा?"

"एक परदेशी माणूस आहे. नट आहे."

"हे दिवेलागनीच्या वक्ती नका वाजवू बाई."

"काहून?" माझ्या तोंडून आईचा शब्द निघाला.

"जित्या मानसाले कोनी असं म्हनत नाई. जित्याले म्हनतेत, ये, जेव." त्यांनी माझा कप उचलला. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळताना त्यांनी दाराबाहेर एकदा बघितलं. बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

कारंजाला गाडी बदलली आणि जीपने कामरगाव गाठलं. जीपवाल्याला जुन्या मिशन दवाखान्याबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आता काय राह्यलं तिथं? पायऱ्या अन् ओटा. पर आयाची लेक हाय नं गावात. अनुसयाबाई. तिच्या घरी सोडतो."

अनुसयाबाईंचं घर बौद्धवस्तीत, सिमेंटचं, निळ्या रंगाचं. सून सुनंदा अंगणवाडीत काम करते. "जय भीम" म्हणून तिने पाणी दिलं आणि मी कशाला आले ते ऐकताच दाण्यांची परात घेऊन पंचायतीत बसल्यासारखी समोर बसली. मग आतून अनुसयाबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, ताठ, कपाळ मोकळं. मी त्यांना मावशी म्हटलं.

"गिरजा मायी माय," त्या म्हणाल्या. "तू कोन वं? मायचं नाव तुले कोनं सांगतलं?"

उत्तर देण्याऐवजी मी फोनमधलं रेकॉर्डिंग लावलं. ट्रँटर यांचा खर्जातला आवाज खोलीत आला. बाहीर राय. जेवन ठेवलं हाय ओट्यावर. आत नको येऊ.

आवाज थांबला. आणि अनुसयामावशींनी, त्याच चालीत, त्याच ठिकाणी श्वास घेऊन पुढची ओळ म्हटली.

"आत दुसरं लेकरू निजलं हाय."

सुनंदाच्या हातातली परात तशीच राहिली. एका गोऱ्या म्हाताऱ्याने अर्धवट सोडलेलं वाक्य, त्याला कधी न बघितलेल्या बाईने पुरं केलं होतं, आणि दोघांचा सूर एकच होता.

मग मावशींनी सांगितलं ते असं. गिरजाला पहिला मुलगा होता, सुदाम. सहा वर्षांचा. साहेबाचं पोरगं आणि तो एकाच वयाचे, दिवसभर संगं खेळायचे. एका साली दोघांनाही ताप आला. डॉक्टर दौऱ्यावर गेलेले. मडमबाईने गिरजाला दवाखान्याच्या आवारातल्या बंगल्यावर ठेवून घेतलं. तीन रात्री ती साहेबाच्या पोराच्या उशाशी बसली. चौथ्या दिवशी त्याचा ताप उतरला आणि ती घरी गेली, तेव्हा सुदामला मातीत ठेवून लोक परतत होते.

"मंग तो तिले दिसाले लागला," मावशी म्हणाल्या. "रोज सांजेले. बंगल्याच्या ओट्यापाशी उभा राहे म्हने. माय त्याच्यासाठी भाकर ठेवे, अन् दारात उभी राहून असं म्हने."

"तिला राग होता का साहेबाच्या पोराचा?"

"राग असता तं आत नसतं येऊ देलं सुदामले? तिले भेव होतं. सुदाम आत गेला तं आपल्या सोबत्याले घेऊन जाईन. एक गेलं, दुसरं तरी राहो."

सुनंदा हळूच म्हणाली, "बाई, आमी भूतखेत मानत नाई. तुमी लिहिसान म्हनून सांगून ठेवते."

"मी बी मानत नाई," मावशी म्हणाल्या. "पर मायले दिसे. ते मी खोटं कसं म्हनू? मी तं मंग झाली. मले निजवतानी बी तिच्या तोंडी तेच राहे."

जेवायला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार. मला जेवण जात नव्हतं. मावशींनी दोनदा वाढलं, म्हणून दोनदा खाल्लं.

उन्हं कलली तशा आम्ही तिघी बंगल्याच्या जागी गेलो. गावाबाहेर, कापसाच्या वावरात पाच पायऱ्या, एक दगडी ओटा आणि त्यामागे उंबरा. भिंती नाहीत, छप्पर नाही. बोंडं फुटलेली होती आणि त्या उजेडात वावर नको तितकं पांढरं दिसत होतं. वारा पडलेला. तरी ओट्याच्या डाव्या बाजूची तीन-चार झाडं हलत होती, मग थांबली. सुनंदाने तिकडे बघितलं आणि पदर खोचला. "ससा असन," ती म्हणाली. कोणी काही विचारलं नव्हतं.

तिथे फोनला रेंज होती. तिकडे सकाळचे साडेसात वाजले असतील. मी ट्रँटर यांना व्हिडिओ कॉल लावला. ते स्वयंपाकघरात बसले होते, केस विस्कटलेले. मी सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

"दुसरं लेकरू," ते म्हणाले. "म्हणजे मी."

मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांना निरखून बघितलं. "म्हातारा झाला," त्या म्हणाल्या. नात्यातल्या माणसाबद्दल म्हणतात तशा.

मी भाषांतर केलं. ट्रँटर हसले नाहीत. "विचार तिला, तो कधी आत आला का?"

"नाई," मावशी म्हणाल्या. "मायचं ऐके तो."

"आजही ऐकतो," ट्रँटर म्हणाले. "काल रात्रीसुद्धा उभा होता."

हे मी मराठीत सांगितलं, आणि सुनंदा ओट्यावरून उठून पायरीखाली जाऊन उभी राहिली. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मऊ झाला.

"एवढी सालं उभाच हाय का पोट्टा?" त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याले सांग, माय तं गेली. आता रोकनारं कोनी नाई. कायले उभं ठेवतं लेकराले? म्हन त्याले, ये रे बा, बस."

ट्रँटर यांनी ते चार शब्द माझ्याकडून सहा वेळा म्हणवून घेतले. मग म्हणाले, "आणि तो मला घेऊन गेला तर?"

मी हे विचारावं की नाही या विचारात होते, पण विचारलं.

मावशी म्हणाल्या, "तुयं वय काय झालं ते पाय. अन् त्याचं पाय. तू त्याले भेतं?"

दोन दिवसांनी मी परतीची गाडी धरली, आणि आठवड्याने पुन्हा आमच्या नाट्यगृहात होते. दुसऱ्या अंकाच्या आधी मी ट्रँटर यांना कोट चढवला. त्यांनी अंधाराकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "ये रे बा, बस." माझी पाठ त्या अंधाराकडे होती. मी वळले नाही. वळायचं धाडस झालं नाही, हे कबूल करते.

प्रयोगानंतर ते अर्धा रंग पुसून आरशासमोर बसून होते.

"आता तिथे कुणी नाही," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. "भाऊ गेले, बायको गेली," ते म्हणाले. "सगळ्यांत जास्त वर्षं माझ्यासोबत तोच होता. आणि मी त्याला फक्त बाहेर थांब म्हणत आलो."

मी गेले होते एका वाक्याचा अर्थ आणायला. वाटलं होतं, अर्थ कळला की भीती जाते. भीती गेली, पण तिच्याबरोबर आणखी काय जाईल याचा हिशोब मी केला नव्हता. मी चांगलं केलं की वाईट, हे मला अजून सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात सुनंदाच्या फोनवरून मावशींचा आवाज आला. "मी मानत नाई, तुले ठाव हाय. पर त्या म्हाताऱ्याले सांग, फिकर नको करू. तो इकळे आला."

मी ट्रँटर यांना सांगितलं. त्यांनी कसा, कधी, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तिला विचार, जेवला का."

हंगाम संपल्यावर त्यांनी पुढचं नाटक घेतलं नाही. आता दर रविवारी ते कामरगावला फोन करतात आणि मला दुभाषी म्हणून बसवतात. कापूस, गुडघे, गिरजाबाईंच्या हातच्या भाकरी, असं काहीबाही चालतं. सुदामचा विषय दोघंही काढत नाहीत. पण बोलतात मात्र अगदी हळू, घरात लेकरू निजलेलं असताना बोलावं तसं.