जगदेवचं मोहोळ

जगदेव पुंजाजी हा माझा आयुष्यभराचा दोस्त आणि आयुष्यभराची डोकेदुखी. आसेगावात नांगराचा त्याच्याइतका सरळ तास धरणारा दुसरा नव्हता. पण वेळेवर तोंड उघडायचं म्हटलं की याची दातखीळ बसायची. मला त्याचा अजूनही राग येतो.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात बाजाराच्या मैदानावर तंबूचा सिनेमा आला. पुढे जमिनीवर आम्ही, मागे खुर्च्यांवर पैसेवाले, बायांच्या बाजूला कनात. जिनदासशेठचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवून ते सगळ्यांच्या आधी हजर. त्यांची तारामती चौथीपर्यंत आमच्याच वर्गात होती. आता ती सोळाची, जगदेव सतराचा. त्यांच्या दुकानात तो दिवसातून दोनदा मीठ घ्यायला जायचा. घरात इतकं मीठ साठलं की त्याची आई चतुराबाई एकदा म्हणाली, "काहून रे, लोणच्याचा कारखाना काढून राह्यला का?"

सिनेमात माळ्याचा पोरगा सावकाराच्या पोरीसाठी उंच झाडावर चढून फुलं तोडतो, ती हसते, शेवटी बाप विरघळतो आणि लग्न लागतं. जगदेवनं तो पाच वेळा पाहिला. त्याच आठवड्यात तारामतीनं मीठ बांधता बांधता त्याला हळूच सांगितलं, "सोमवारी कारंज्याचे पाव्हणे मले पाहाले येऊन राह्यले. तुह्या मनात काय हाय ते त्याच्या आंदी मले सांग. बाबाले मी अडवीन, पण तुह्या तोंडून ऐकल्याबिगर नाही."

तेवढ्यात शेठ आले, आणि हा गाढव मीठ घेऊन घरी आला.

"उद्या जा अन् बोल," मी म्हटलं.

"रिकाम्या हातानं काहून जाऊ? शेठची पोरगी हाय ते."

"तिनं काही मागतलं का तुले?"

पण त्याच्या डोक्यात ते झाड बसलं होतं. रविवारी सकाळी तो शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, उंबरावर चढला आणि त्यानं मोहोळ काढलं. धूरही केला नाही, कारण सिनेमातल्या पोरानं केला नव्हता. माशांनी त्याला फोडून काढलं. ओठ भज्यासारखे फुगले, एक डोळा मिटला. मी म्हटलं, आधी घरी चल. तर हा पळसाच्या पानात मोहोळ घेऊन थेट दुकानात.

शेठ मंदिरात गेले होते. तारामती एकटीच होती. जगदेवनं पान पुढं केलं तशी ती दोन पावलं मागं सरली. पोळ्याला मेलेल्या माशा चिकटल्या होत्या, आत अळ्या वळवळत होत्या.

"आमच्यात मध नाही चालत," ती म्हणाली. "इतके जीव मारून मिळते ते. हातही नाही लावत आमी."

ते कांदा-लसूण खात नाहीत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मधाचं कोणाला ठाऊक? आमच्याकडे ताजा मध घरी नेऊन देणं म्हणजे केवढा मान. जगदेवनं तीनदा तोंड उघडलं. त्या ओठांतून शब्द काही निघाला नाही, नुसती लाळ गळली. मला वाटलं याच्या एक थोबाडीत द्यावी, पण थोबाडावर जागाच उरली नव्हती.

"मी तुले आणाले नाही, बोलाले सांगतलं होतं," तारामती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी उंबरठ्याशीच उभा होतो. त्याच्या वतीनं दोन शब्द मी बोलू शकलो असतो. माझे ओठ तर धड होते. पण शेठची पोरगी, शेठचं दुकान, आपण कोण बोलणारे, असं काहीबाही मनात आलं आणि मी जगदेवचा हात धरून त्याला बाहेर आणलं. त्याच्यावर राग काढणं सोपं आहे, म्हणून मी तो काढत आलो.

सोमवारी सुपारी फुटली. जगदेवची सूज बुधवारी उतरली.

पुढे त्याचं तुळसाबाईशी लग्न झालं, दोन पोरी झाल्या, संसार चांगला चालला. एकोणपन्नास साली तोच तंबू, तोच सिनेमा परत आला. माळ्याचा पोरगा झाडाला हात लावतो न लावतो तोच जगदेव जमिनीवरून उठून उभा राहिला.

"अबे, झाडावर कायले चढून राह्यला? आंदी बोल तिले."

सगळा तंबू हसला. तारामती त्या आठवड्यात लेकराला घेऊन माहेरी आली होती. कनातीपलीकडे कोण हसलं आणि कोण नाही, ते आम्हाला दिसलं नाही. जगदेव खाली बसला, आणि उरलेला सिनेमा त्यानं मान खाली घालून नुसता ऐकला.