पाण्याची बैठक

आप्पासाहेब मोहिते पावसाळ्याशिवाय कुणाला प्लॉट दाखवत नसत. उन्हाळ्यात गिऱ्हाईक आलं तर त्याला चहा पाजायचे आणि म्हणायचे, "आता काय दिसणार तुम्हाला? श्रावणात या." आम्ही श्रावणात गेलो. साताऱ्याहून देवासच्या कारखान्यात नोकरीला आलेलो मी आणि माझी बायको सुमन. आप्पासाहेब धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, छत्री धरून पुढं चालले होते. मला खालच्या अंगाची सपाट जागा पसंत पडली. तिथं घोटाभर पाणी साचलेलं होतं. ते थांबले.

"ही नाही मिळणार, भिया. इथं पाणी बसतं. पाण्याची बैठक मोडून आपण बसायचं नसतं."

"भराव घालू की," मी म्हणालो.

"मग पाणी कुठं जाईल? शेजाऱ्याच्या घरात. आपल्याकडं नंबर ठरलेला आहे. पहिलं पाणी, मग टिटवी, मग माणूस."

सुमनला हसू आलं. मला मात्र हा माणूस जमीन विकायला बसलाय की राखायला, ते कळेना.

त्यांचं घराणं मराठा दरबाराबरोबर माळव्यात आलेलं. शहराबाहेर त्यांची बीड होती. राखलेल्या गवताच्या रानाला इकडं बीड म्हणतात. कारखाने आले, बाहेरची माणसं आली, तशा आसपासच्या बिडी एकेक करून विकल्या गेल्या आणि त्यांवर चौकोनी घरं उठली. आप्पासाहेबांनी ठरवलं, वसाहत व्हायचीच असेल तर ती आपणच वसवू. वरच्या मुरमाड उतारावर घरं, अरुंद रस्ते, आणि खालचं सगळं रान आणि तलाई, म्हणजे तिथलं लहान तळं, मोकळं. पण रान कसलं? वडिलांच्या काळात वीटभट्टीवाल्यांनी तिथली माती उकरून नेली होती. खड्डे, राख, गाजरगवत, आणि गाळानं भरलेली तलाई. लोक त्यांना हसायचे. त्यांची बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. घरात अडवणारं कुणी नव्हतं.

धारकडं अजून चांगल्या बिडी शिल्लक होत्या. दिवाळीच्या सुमारास ते बसनं तिकडं जायचे आणि गवताच्या बियांची पोती टपावर टाकून आणायचे. आम्हीही उताराच्या खालच्या रांगेत घर बांधलं होतं; आम्ही रहिवासी रविवारी घमेली घेऊन गाळ उपसायचो. बायका म्हणायच्या, घर घेतलं की बेगारी? पण यायच्या. काठावर त्यांनी खस म्हणजे वाळा लावला, खाकऱ्याची, म्हणजे पळसाची, रोपं लावली. काही वर्षांत गवत कमरेएवढं झालं आणि तलाईत होळीपर्यंत पाणी टिकू लागलं. एका सकाळी ते दारोदार फिरत होते. "हळू बोला. जुने मेंबर परत आलेत." तलाईच्या काठाला सारसांची जोडी उभी होती. लोकांना पक्षी दिसावेत म्हणून ते स्वतः कोपऱ्यात, कुंपणाला टेकून उभे राहिले. इतका सुखी माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

मुलांसाठी त्यांनी तलाईत शिंगाडे लावले. थंडी पडायला लागली की उकडून त्यांच्या ओंजळीत द्यायचे.

आमच्या रांगेत लता आणि रमेश सोनावणे राहायचे. रमेश माझ्याच कारखान्यात. त्यांची सोनू सहा वर्षांची. कार्तिकातल्या एका दुपारी ती एकटीच शिंगाडे काढायला तलाईत उतरली. काठावरच्या गाळात पाय रुतला असावा. मी आणि रमेश तेव्हा पाळीवर होतो. बायकांचा आरडाओरडा ऐकून आप्पासाहेब धावत आले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात गेले. त्यांनीच तिला वर आणलं. तोवर काही उरलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर आम्ही त्यांच्या ओसरीवर जमलो. कुणी म्हणालं, तलाईभोवती तारेचं कुंपण घालू. कुणी म्हणालं, पाणी कमी ठेवू. रमेश खाली मान घालून बसला होता.

"बुजवा," आप्पासाहेब म्हणाले.

"आप्पासाहेब, कुंपणानं काम भागेल," मी म्हणालो.

"कुंपण पोरांना थांबवतं का? बुजवा. हात वर करायचे असतील तर माझा पहिला."

दारात लता उभी होती. ती कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "आप्पा, बुजवून तुम्हाला बरं वाटणार असेल तर बुजवा. मला दोन्ही सारखंच."

आप्पासाहेबांचा हात वर गेला, मग आमचे सगळ्यांचे.

ट्रकांनी मुरूम आणून टाकला. ते काम चालू असेपर्यंत आप्पासाहेब रोज तिथं जाऊन उभे राहायचे, जणू ती त्यांची शिक्षा होती. पुढच्या पावसात पाण्याला बसायला जागा उरली नाही. ते खालच्या रांगेतल्या घरांत शिरलं, आमच्याही. मग सोसायटीच्या नव्या पदाधिकाऱ्यांनी म्हटलं, आता जमीन सपाट झालीच आहे तर प्लॉट का पाडू नयेत? कागद घेऊन ते आप्पासाहेबांकडं गेले. मला वाटलं होतं, निदान गवतासाठी तरी ते भांडतील. त्यांनी वाचलंसुद्धा नाही. सही केली.

मी रागावून गेलो. म्हणालो, "सगळंच देऊन टाकलंत?"

"भिया, मला वाटत होतं मी काही सुधारून राहिलो. पोर गेली. आता कोणत्या तोंडानं सांगू, इथं टिटवी बसते म्हणून?"

पुढं दुष्काळी वर्षं आली. वसाहतीतल्या विहिरी आटल्या, टँकर येऊ लागले. रांगेत उभ्या बायका म्हणायच्या, तलाई होती तेव्हा बरं होतं. ते आप्पासाहेबांच्या कानावर जाऊ नये असं मला वाटायचं, पण जात असणार. आपल्या घराच्या माळ्यावरून ते खाली बघायचे नाहीत. खिडकीला त्यांनी फळ्या ठोकून घेतल्या होत्या.

मुलगी त्यांना बडोद्याला न्यायला आली. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. लता वाकली तर त्यांनी पाय मागं घेतले.

दोन हिवाळे गेले आणि बडोद्याहून ते गेल्याची खबर आली. मी लताला सांगायला गेलो. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"तुम्ही त्या दिवशी नव्हतात," ती म्हणाली. "सोनूला काठावर ठेवून ते आपल्या पागोट्यानं तिचे केस पुसत होते. मी म्हटलं, आप्पा, राहू द्या आता. तर म्हणाले, सर्दी होईल पोरीला."