आबांचं चुंबक

“वढू नका राव, वढू नका!”

आबांचं हे वाक्य आमच्या मळ्यात ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. गुंतलेलं दावं असो, चिखलात रुतलेली मोटारसायकल असो, नाहीतर भावाभावांची भांडणं असोत, लांबून आधी हे शब्द यायचे आणि मग आबा. आबांच्या मागून सुतळीला बांधलेलं एक काळं, वाटोळं चुंबक जमिनीवरून घसटत यायचं. ते एका जुन्या लाउडस्पीकरमधलं होतं, आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्याकडून मागून आणलेलं.

तुमच्याही गावात असा एखादा असेलच, जो रस्त्याला लागला की लोक हातातलं काम सोडून बघत बसतात. पिंपळवंडीत आमच्या वस्तीवर तो मान आमच्या शेजारच्या आबांचा होता. सगळ्या जगाला ‘ओढू नका’ सांगणारा हा माणूस स्वतः दिवसभर काहीतरी ओढतच असायचा. हे मी एकदा त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. वस्तीची सून असले तरी माझी जीभ सासरी येताना माहेरी राहिली नव्हती.

“मी कुटं वढतो?” आबा म्हणाले. “त्येच माज्या मागं येतं.”

पोरंटोरं विचारायची, “आबा, कुत्रं फिरवायला काढलं का?”

“व्हय. ह्यो चावत न्हाई आन भाकरबी मागत न्हाई.”

कुणाच्या दारचा लग्नाचा मांडव निघाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तिथं हजर. मांडववाल्यांचे खिळे, बांधायच्या तारा, बायकांच्या साड्यांच्या पिना, सगळं चुंबकाला डकवून घरी आणायचे. एकदा एका वरमाईच्या बॅगेची किल्ली त्यात निघाली. ती बिचारी रात्रभर नव्या सुनेच्या माहेरच्यांवर संशय घेत बसली होती. आबांनी किल्ली हातावर ठेवली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, असं मांडवातल्या बायका अजून सांगतात.

चुंबक नवीन आणलं तेव्हाची गोष्ट तर मळ्यात सगळ्यांना पाठ आहे. मौल्यवान वस्तू म्हणून आबांनी ते टीव्हीवर ठेवलं. टीव्ही जुना, खोक्याचा. संध्याकाळी बातम्या देणारी बाई अर्धी हिरवी आणि अर्धी पिवळी दिसायला लागली. काकू, म्हणजे आबांची बायको, घाबरून ओरडल्या. आबांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाले, “कावीळ झाली आसंल तिला.” त्या टीव्हीचे रंग पुढं कधी सुधारले नाहीत. आबांच्या घरी सगळं जग कायमचं आजारी दिसायचं.

आम्ही हसायचो, पण सासूबाईंना ते आवडायचं नाही. एकदा भाकरी थापता थापता त्यांनी मला कारण सांगितलं. आबांनी बेल्ह्याच्या बाजारातून एक खोंड आणून जिवापाड वाढवला होता. शर्यतीच्या घाटात पळवायचा बैल. एके दिवशी त्यानं चारा सोडला. पाठ वाकवून, कण्हत उभा राहायला लागला. औषधं झाली, अंगारे झाले, बैल काही वाचला नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं तर आत तारेचा तुकडा. कुंपणाची तुटकी तार चाऱ्यात आली आणि कुट्टीच्या मशिनीत बारीक झाली. जनावर काही निवडून खात नाही. जिभेनं चारा ओढतं आणि गिळतं, चावणं नंतर निवांत. तोवर तार काळजापर्यंत पोचलेली असते. त्यानंतर आबांनी बैल केला नाही. त्यांच्या गोठ्यात सायकल उभी असायची.

एवढं ऐकल्यावर मी त्या चुंबकाला हसणं कमी केलं. बंद केलं असं नाही म्हणणार.

आता आमच्या कुंपणाकडे वळते. घराच्या मागच्या बांधावर सासऱ्यांनी कधीकाळी दगडी खांब रोवून काटेरी तार ओढली होती. मी लग्न होऊन आल्यापासून ती तार काही पाहिली नव्हती. घाणेरी, बोरी आणि गुळवेलीनं ती पार गिळून टाकली होती. शेजारच्या वस्तीवरची शेळी बिबट्यानं नेली आणि दुसऱ्या दिवशी तिची हाडं आमच्या त्या झाडोऱ्यात निघाली. मग मात्र घरात सगळ्यांचं एकमत झालं की हे काढायचं आणि नवी जाळी बसवायची.

आमच्या ह्यांना धीर म्हणजे काय ते ठाऊक नाही. चहा उकळायच्या आधी गाळणारा माणूस. त्यांनी लगेच जेसीबी सांगितला. आबा बांधावर आले आणि जेसीबीच्या समोर उभे राहिले.

“वढू नका राव. आदी झाडोरा तोडा. चार दिस सुकू द्या. मंग टोक शोधून तार गुंडाळत न्या. तुटली तर बारीक व्हईल, आन बारीक झाली तर गावायची न्हाई.”

“आबा, तुमच्या पद्धतीनं संक्रांत उजाडंल,” हे म्हणाले.

“उजाडू द्या की. संक्रांत काय आपल्यासाठी थांबती का?”

जेसीबी थांबला नाही. तार किंचाळत तुटत गेली, खांब दात उपटल्यासारखे वर आले. तासाभरात बांध मोकळा झाला आणि शेताच्या कोपऱ्यात गोठ्याएवढा ढीग उभा राहिला. झाडोरा, तार, माती, सगळं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून.

आता या ढिगाचं करायचं काय? पेटवायला गेलो तर ओली घाणेरी नुसती धुमसली आणि माझ्या वाळत घातलेल्या कुरडया धुरकटल्या. जुन्या विहिरीत लोटू म्हटलं तर सासूबाई आडव्या आल्या, “ज्या हिरीनं आमाला जगवलं, तिच्या तोंडात काटं घालता का?” आळेफाट्याहून भंगारवाला बोलावला. त्यानं ढिगाभोवती एक चक्कर मारली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, “ताई, मी झाडं घेत न्हाई. तार घेतो. तार कुठंय?” आणि टेम्पो वळवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कोयता, पक्कड आणि सायकलची जुनी रिम घेऊन ढिगापाशी येऊन बसले. बोलावलं कुणीच नव्हतं. एकेक फांदी तोडून बाजूला, एकेक टोक शोधून तार रिमवर. तारेशी बोलणं चालू असायचं. “ये बाई, ये. आता कुटं आडलीस? बोरीत? सोड तिला, लई दिस ऱ्हायलीस तिच्याकडं.” ह्यांना वाटायचं आबा टोमणे मारतायत. आबांच्या मनात टोमणा नव्हता. टोमणा मारायचा असता तर मीच मारला असता, आणि मारलाही.

ढीग संपला, भंगारवाला आता हसत येऊन गुंडाळ्या घेऊन गेला. पण बांधालगत आमचा घासाचा वाफा होता. गाईंचा हिरवा चारा. तुटलेले तुकडे तिथं उडालेले. आबा त्या वाफ्यातून चुंबक घेऊन फिरायला लागले. या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुन्हा मागं. संध्याकाळी पत्र्याचा डबा माझ्यापुढं वाजवून म्हणायचे, “सूनबाई, आजचं पीक.” डब्याचा आवाज दिवसेंदिवस कमी होत गेला. एके दिवशी डबा वाजलाच नाही, आणि आबा खूश होऊन घरी गेले.

पुढच्या कापणीचा घास खाऊन हरणीनं चारा सोडला.

हरणी आमच्या गोठ्यात जन्मलेली पहिली गाय. माझ्या माहेरून आलेल्या कालवडीची लेक. तेव्हा ती गाभण होती. सकाळी गव्हाणीतला चारा जसाच्या तसा, पाठ वाकलेली, रवंथ बंद. पोटावर हात ठेवला की कण्हायची. हिला काय झालंय ते कळायला मला डॉक्टरांची गरज नव्हती. आबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

“माज्या हातून सुटलं,” ते म्हणाले. “येक तुकडा ऱ्हायला.”

जेसीबी आणला कुणी आणि म्हणतंय कोण! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते. पहिल्यांदाच त्यांना कशाची घाई नव्हती.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “तारच असणार. पोट उघडायचं तर दोन जीवांचा प्रश्न आहे. आधी चुंबक गिळवून बघू. तार त्याला चिकटून बसली तर पुढं जाणार नाही. पण माझ्याकडचं संपलंय, मंचरहून मागवावं लागेल.”

आबा तडक घराकडं गेले. परत आले तेव्हा हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. उघडलं तर बोटाएवढं, गुळगुळीत चुंबक. जनावराला गिळवायचंच.

“बैल गेला तवा डॉक्टरनी सांगितलं व्हतं, आसं बी आसतं म्हणून,” आबा म्हणाले. “पुढल्या बैलाला म्हणून आणून ठिवलं. पुढला बैल काय आणवला न्हाई.”

डॉक्टरांनी ते निरखून पाहिलं, धुतलं आणि हरणीच्या घशाखाली उतरवलं. मग म्हणाले, हिचे पुढचे पाय उंचावर राहतील असा ओटा करा, म्हणजे तार पुढं सरकायची नाही. ओट्याला दगड आणायचे कुठून? उपटलेले कुंपणाचे खांब होतेच. आबांनी आणि ह्यांनी मिळून ते गोठ्यात रचले, वर मुरूम टाकून चोपला. दोघं दिवसभर एकमेकांशी फारसं बोलले नाहीत, पण दुपारी एकाच ताटात जेवले.

डॉक्टरांनी जाताना एक गंमत दाखवली. मोबाइलमधलं होकायंत्र चालू केलं आणि हरणीच्या डाव्या बाजूला, पुढच्या पायामागं धरलं. उत्तरेकडं बघणारी सुई थरथरली आणि गर्रकन तिच्याकडं वळली. “बसलं जागेवर,” ते म्हणाले.

आबांनी तो मोबाइल हातात घेऊन पाहिला, गाईकडं पाहिलं, पुन्हा मोबाइलकडं. त्या दिवसापासून रोज सकाळी दारात हाक. “सूनबाई, मोबाइल दाव. हाय का?”

“आहे, आबा.”

“हाय ना?”

“आहे हो!”

मगच चहा घ्यायचे.

हरणी उभीच होती, ना पुढं ना मागं. मी देवाला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. आणि एका सकाळी मी पाणी ठेवायला वाकले तर तिनं माझा पदर तोंडात धरून ओढला. वर पाहते तर तिचा जबडा हलत होता. रवंथ! मी गोठ्यातच खाली बसले आणि रडले.

“गाय बरी झाली तर रडती. ही कसली बाई!” आबा म्हणाले आणि स्वतः टॉवेलानं तोंड पुसत बाहेर गेले.

ती व्यायला झाली तेव्हा वासराचे पाय दिसले आणि ह्यांनी सवयीनं दोरी उचलली.

“वढू नका राव. तिची कळ यिऊ द्या. तिच्या कळंसंगं.”

ह्यांनी दोरी खाली ठेवली. हरणीनं आपल्या वेळेनं कालवड टाकली. पहिल्या चिकाचा खरवस मी आधी आबांच्या घरी नेला. आबांनी वाटी पुसून खाल्ली आणि काकूंना म्हणाले, “आपल्या घरचाच म्हणायचा.”

आबा गेल्या थंडीत गेले. छातीत दुखायला लागलं म्हणून मुलानं पुण्याला नेलं, ते परत आले ते तसेच. तेराव्यानंतर काकूंनी ते वाटोळं चुंबक सुतळीसकट माझ्या हातात दिलं. आता घासाच्या प्रत्येक कापणीआधी मी ते वाफ्यातून फिरवते. पोरं मलाही विचारतात, “काकी, कुत्रं फिरवताय का?” मी आबांचंच उत्तर देते. पण ते बोलले की हसू यायचं, तसं माझ्या तोंडून येत नाही. मला त्यांची फार आठवण येते.

मागच्या महिन्यातली गोष्ट. हरणी आता म्हातारी झाली, गाभ धरत नाही. ह्यांनी बेल्ह्याच्या बाजारातला एक व्यापारी घरी बोलावला. मी सकाळपासून ह्यांच्याशी बोलत नव्हते. स्वयंपाकघरात भांडी मात्र बोलत होती. व्यापाऱ्यानं रीतीप्रमाणे हातावर टॉवेल टाकला, ह्यांनी खाली हात घातला, बोटांनी भावाचं बोलणं झालं. मग गाईची चाल बघायची म्हणून त्यानं हरणीचं दावं सोडलं आणि खेचलं. हरणीनं पाय रोवले. त्यानं जोर लावला.

“वढू नका राव!” हे ओरडले.

व्यापारी थांबला. मीही दारात आले. ह्यांनी त्याच्या हातातून दावं काढून घेतलं आणि म्हणाले, “न्हाई पावणं, ऱ्हाऊ द्या. चहा घ्या आन जा.”

चहा पिऊन तो कुरकुरत गेला. ह्यांनी हरणीला पुन्हा जागेवर बांधलं, खिशातून मोबाइल काढला आणि तिच्या डाव्या कुशीपुढं धरून बराच वेळ बघत उभे राहिले. मी मागून विचारलं, काय करताय.

“हाय,” ते म्हणाले.